दूरचें दप्तर आणि जवळची प्रत

नाशिकक्षेत्रीं गोदावरीच्या तीरावर जे तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचीं धर्मकृत्यें चालवीत आले आहेत, त्यांच्या घरीं एका विशिष्ट प्रकारचें दप्तर असतें. यजमानांचीं मूळ गांवें, जाती व आडनांवें यांच्या धोरणानें लावलेल्या त्या चोपड्या होत. जुन्या चोपड्यांतील मजकूर बहुधा मोडी लिपींत असतो. यजमान आपलें गांव आणि कुळ सांगतो. उपाध्याय चोपडी काढतात. आणि आजोबा-पणजोबा केव्हां आले होते, त्यांचे भाऊ कोण, मुलगे कोण, हें त्यांच्याच लेखावरून वाचून दाखवितात. मग यजमान स्वतःचा नवा लेख लिहून देतो आणि आपल्या मार्गाला लागतो.

या व्यवस्थेचा एक विशेष सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चोपडी नाशिकास राहते आणि कुटुंब वऱ्हाडांत, खानदेशांत अथवा कोंकणांत नांदत असतें. दोहोंचा संबंध वीस वीस, तीस तीस वर्षें तुटलेला असतो. तेवढ्या काळांत घरांतील जन्म, विवाह आणि मृत्यु कांहीं चोपडीची वाट पाहत थांबत नाहींत. इकडे चोपडीही त्या एका घरासाठीं बंद राहत नाहीं. त्याच कुळाची दुसरी शाखा मध्यंतरीं येऊन आपला लेख लिहून जाते. पुढें केव्हां तरी संबंध जुळतो, आणि मागील सर्व हकीकत एकदम जमा होते. जुना लेख खोडला जात नाहीं. त्याच्या पुढें नवा लिहिला जातो.

मुख्य दप्तर एके ठिकाणीं, काम दुसऱ्या ठिकाणीं, आणि मध्यें तुटलेला संबंध, हा प्रश्न याप्रमाणें नवा नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तोच प्रश्न संगणकांच्या जगांत फार तीव्रतेनें उभा राहिला. तो कसा सोडविण्यांत आला आणि त्या उत्तराशीं आपल्या घरांचा व शेतांचा काय संबंध पोहोंचतो, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

संगणकांत पत्र, हिशेब, नकाशा, छायाचित्र, जें कांहीं सांठवावयाचें तें ‘फाईल’ या रूपानें सांठविलें जातें. माणूस एकटा आणि यंत्रही एकच असेल, तेथें फार विचार करावा लागत नाहीं. परंतु एकाद्या विद्यापीठांत हजारों माणसें शेंकडों यंत्रांवर काम करूं लागलीं, म्हणजे कोणाची फाईल कोणत्या यंत्रांत आहे हें शोधीत बसणें अशक्य होतें. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत 1980 नंतरच्या दशकांत यावर एक उपाय योजण्यांत आला. सर्वांच्या फाईली कांहीं थोड्या, नीट राखलेल्या यंत्रांत ठेवावयाच्या. या यंत्रांना ‘सर्व्हर’ म्हणतात. कोणीही कोणत्याही मेजावर बसावें, नांव सांगावें, आणि आपली फाईल जणूं समोरच्याच यंत्रांत आहे अशा सहजतेनें उघडावी. कार्नेगी व मेलन या दोघांही देणगीदारांचें पहिलें नांव अँड्र्यू. त्यावरून या व्यवस्थेस ‘अँड्र्यू’ हेंच नांव मिळालें.

प्रत्येक वेळीं दूरच्या सर्व्हरकडे धांव घेण्यांत वेळ जातो. म्हणून ‘अँड्र्यू’मध्यें अशी योजना होती कीं, फाईल उघडतांच तिची संपूर्ण प्रत समोरच्या यंत्रांत आणून ठेवावी, काम त्या प्रतीवर व्हावें, आणि फाईल मिटतांना बदल झाला असेल तर तो सर्व्हरकडे परत पाठवावा. दुसऱ्या कोणीं मध्यंतरीं तीच फाईल बदलली, तर तशी वर्दी देण्याचें वचन सर्व्हर देत असे. जवळच्या प्रतींचा हा सांठा केवळ वेगासाठीं होता. वाणसामानाचें दुकान लांब असलें म्हणजे गृहिणी आठवड्याचा जिन्नस घरांत भरून ठेवते, तशांतलाच हा प्रकार.

परंतु या व्यवस्थेंत एक मोठें व्यंग होतें. सर्व्हर बंद पडला अथवा मधली तार तुटली, तर काम करणारे सर्वच एकदम हतबल होत. स्वतःच्या यंत्रांत कांहीं बिघाड नसतांही हात बांधून बसण्याची पाळी येई. हें व्यंग दूर करण्यासाठीं त्याच विद्यापीठांत 1987 सालीं ‘कोडा’ नांवाच्या नव्या व्यवस्थेचें काम सुरू झालें. त्याचे मुख्य प्रवर्तक महादेव सत्यनारायणन हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी. जेम्स किस्लर या त्यांच्या विद्यार्थ्यासह त्यांनीं 1991 सालीं एक निबंध विद्वानांपुढें ठेवला. त्यांतील मुख्य कल्पना एका वाक्यांत सांगण्याजोगी आहे: जो सांठा वेगासाठीं जवळ बाळगला, तोच संबंध तुटल्यावर निर्वाहालाही उपयोगी पडावा. घरांत भरून ठेवलेला जिन्नस, पुराच्या दिवसांत दुकानाची वाट बंद झाली असतां, घर चालवितो, तसेंच हें.

या कल्पनेला लोकांच्या वागण्यांतूनच दुजोरा मिळाला. हातांतून नेण्याजोगे संगणक त्या सुमारास प्रचारांत येऊं लागले होते. माणसें शनिवार-रविवारीं घरीं जातांना लागतील त्या फाईली स्वतः निवडून आपल्या यंत्रांत उतरवून घेत, घरीं त्यांवर काम करीत, आणि परत आल्यावर बदललेल्या तेवढ्या फाईली सर्व्हरवर चढवीत. म्हणजे यंत्रानें करावयाचें काम माणूस हातानें करीत होता. अर्थात् त्यांत विसर पडे, जुनी प्रत नव्या प्रतीवर चढे, आणि घोटाळे होत. ‘कोडा’नें हें काम नियमाच्या चौकटींत बसविलें, आणि त्याचे तीन भाग पाडले.

पहिला भाग साठवणीचा. संबंध तुटण्याच्या आधीं, तो केव्हां तुटेल हें ठाऊक नसतां, कोणत्या फाईली जवळ असाव्यात हें ठरवावें लागतें. अलीकडे ज्यांचा उपयोग केला त्या पुन्हां लागण्याचा संभव अधिक, हा एक आधार. परंतु तेवढ्यावर विसंबून भागत नाहीं. रोज न लागणारी, पण ऐन वेळीं जिच्यावांचून सारें अडतें, अशी एकादी वस्तु असतेच. प्रवासाच्या सामानांत नेमकी तीच राहून जाते. म्हणून ‘कोडा’मध्यें माणसानें स्वतः एक यादी करून द्यावी, कोणत्या वस्तूचें महत्त्व किती हेंही सांगावें, अशी सोय होती. यंत्र दर दहा मिनिटांनीं ती यादी आणि जवळचा सांठा ताडून पाही व उणें असेल तें भरून काढी. जी फाईल आणलीच नाहीं, ती संबंध तुटल्यावर कोठूनही मिळत नाहीं. म्हणून साऱ्या व्यवस्थेचा भार या पहिल्या भागावर असतो.

दुसरा भाग प्रतिनिधित्वाचा. संबंध तुटला कीं जवळचें यंत्रच सर्व्हरच्या जागीं काम पाहूं लागतें. मराठेशाहींत मुतालिक मुख्य अधिकाऱ्याच्या वतीनें शिक्का चालवी. परंतु तो शिक्का आपला नव्हे, ही जाणीव त्याला ठेवावी लागे. येथेंही तसेंच. जवळचें यंत्र नव्या फाईलला नांव देतें, अधिकार तपासतें, बदल स्वीकारतें. परंतु हें सर्व तात्पुरतें असतें. प्रत्येक कृत्याची क्रमवार रोजनिशी तें लिहून ठेवतें. एकच फाईल दहा वेळां बदलली असेल, तर अखेरचा बदल तेवढा ठेवून आधींचे नऊ टाकून देण्याइतका काटकसरीपणाही त्यांत आहे. कारण जागा मर्यादित असते, आणि अद्याप सर्व्हरला न कळविलेली फाईल काढून टाकण्याची मुळींच सोय नसते. तिची सबंध जगांत ती एकच प्रत असते.

तिसरा भाग रुजुवातीचा. दोन कागद समोरासमोर ठेवून त्यांतील नोंदी जुळतात कीं नाहीं हें पाहणें, याला आपल्याकडे रुजुवात म्हणतात. त्याहून योग्य शब्द या क्रियेस मिळणें कठिण. संबंध पुन्हां जुळला कीं रोजनिशी सर्व्हरपुढें ठेवली जाते आणि तींतील एकेक कृत्य तेथें क्रमानें करून पाहिलें जातें. सर्व जुळलें तर तात्पुरतें होतें तें पक्कें होतें. त्या वेळच्या अनुभवांत कांहीं तासांच्या कामाची रुजुवात सुमारें एका मिनिटांत उरकत असे.

आतां मूळ अडचणीचा प्रश्न येतो. एकजण दूर बसून ज्या प्रतीवर काम करीत आहे, तिच्या मूळ फाईलवर इकडे दुसऱ्यानेंही काम केलें, तर कोणाचें खरें मानावें? हा प्रसंग उद्भवूंच नये असें वाटत असेल, तर एक मार्ग आहे: जाणाऱ्यानें फाईलला कुलूप लावून किल्ली बरोबर न्यावी. परंतु घरची जमाखर्चाची एकुलती एक वही बरोबर घेऊन वडील भाऊ काशीयात्रेस गेला, तर मागें राहिलेल्यांनीं हिशेब कशांत लिहावा? आणि तो ठरल्या दिवशीं परतला नाहीं तर? कुलुपानें भांडण टळतें, पण कामही थांबतें. ‘कोडा’च्या कर्त्यांनीं म्हणून कुलूप नाकारलें आणि दोघांनाही लिहूं दिलें. हें धाडस त्यांनीं आंधळेपणानें केलें नाहीं. ‘अँड्र्यू’चा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो तें त्यांनीं आधीं मोजलें. शेंकडा 99 हून अधिक बदल, ज्यानें त्या फाईलला आधीं हात लावला होता त्यानेंच केलेले आढळले. एका दिवसाच्या आंत दोन निराळ्या माणसांनीं एकच फाईल बदलण्याचा संभव फार तर शेंकडा 0.75 एवढाच निघाला. म्हणजे बहुतेक माणसें बहुतेक वेळां आपापल्याच वहींत लिहितात. क्वचित् होणाऱ्या तंट्याच्या भीतीनें सर्वांच्या कामाला कुलूप घालणें, हें दारांत चोर येईल म्हणून स्वतःच घराबाहेर न पडण्यासारखें झालें असतें.

तंटे मात्र होतच नाहींत असें नव्हे. त्यांतील कांहीं केवळ दिसण्यापुरते असतात. एकाच कप्प्यांत एकानें एक नवी फाईल ठेवली आणि दुसऱ्यानें निराळ्या नांवाची दुसरी, तर दोन्ही सुखानें राहूं शकतात. उपाध्यायांच्या चोपडींत एका शाखेनें आपल्या मुलांचीं नांवें लिहावीं आणि दुसरीनें आपल्या, यांत विरोध कसला? परंतु एकाच फाईलचा मजकूर दोघांनीं निरनिराळा केला, अथवा एकानें बदलली तीच दुसऱ्यानें काढून टाकली, तर तो खरा तंटा. येथें यंत्रानें स्वतःच्या बुद्धीनें निवाडा करूं नये, हें ‘कोडा’च्या कर्त्यांनीं ओळखलें. रुजुवात फसली तर सर्व बदल एका वेगळ्या गाठोड्यांत बांधून काम करणाऱ्याच्या यंत्रांत ठेवले जात, आणि त्यांतील काय घ्यावें व काय सोडावें हें तो स्वतः पाहून ठरवी. कोणाचेंही लिखाण गुपचूप नाहींसें होऊं नये, हें तत्त्व सोडलें नाहीं. पुष्कळ काळ विद्वानांच्या वर्तुळांतच राहिलेली ही व्यवस्था इतरांना अनुकरणीय वाटली, यांत या तत्त्वाचा वांटा मोठा आहे.

हें सर्व दूरदेशींच्या विद्यापीठाचें झालें. परंतु नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे जे तालुके सह्याद्रीच्या डोंगरांत पसरले आहेत, तेथें हाच प्रश्न शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला. सात-बाराचा उतारा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतील गांव नमुना सात जमिनीवरील हक्क सांगतो, आणि नमुना बारा तींत कोणतें पीक उभें आहे तें सांगतो. ही पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली, आणि शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाईलमधील अॅपच्या साह्यानें, पिकाचें छायाचित्र व त्या जागेचे अक्षांश-रेखांश यांसह नोंद करावी असें ठरलें.

निफाड-दिंडोरीच्या बाजूस द्राक्षमळ्यांत उभें राहून हें काम साधतें. परंतु डोंगराच्या कुशींतील नागली-वरईच्या शेतांत मोबाईलचा संपर्क असेलच असें नाहीं. संपर्क आहे तेथें पीक नाहीं आणि पीक आहे तेथें संपर्क नाहीं, अशी ही अडचण. छायाचित्र तर शेतांतच घेतलें पाहिजे. म्हणून अॅपमध्यें अशी सोय ठेवण्यांत आली कीं, नांवनोंदणी आधीं करून ठेवावी, शेतांत संपर्कावांचूनच माहिती भरावी, ती मोबाईलमध्यें साठून राहावी, आणि संपर्काच्या ठिकाणीं आल्यावर ती सर्व्हरकडे पाठवावी. साठवण, प्रतिनिधित्व आणि रुजुवात हे तिन्ही भाग येथें जसेच्या तसे दिसून येतात. कार्नेगी मेलनमध्यें जें मोजून आढळलें होतें, तेंही येथें लागू पडतें: ज्यानें त्यानें आपापल्याच शेताची नोंद करावयाची, म्हणून तंट्याचा संभव थोडा.

संभव थोडा असला तरी त्याचा परिणाम थोडा नव्हे. गारपिटीनें किंवा अवकाळी पावसानें पीक गेलें असतां नुकसानभरपाई मागतांना, पीककर्ज काढतांना, विम्याची रक्कम मागतांना, उताऱ्यावर त्या पिकाची नोंद आहे कीं नाहीं हा पहिला प्रश्न विचारला जातो. येथें दोन ठिकाणीं सावध राहणें अवश्य आहे. पहिलें असें कीं, ‘साठविली’ आणि ‘पोहोंचली’ हे दोन शब्द एक नव्हेत. शेतांत नोंद भरून झाली, मोबाईलनें ती ठेवून घेतली, आणि काम उरकलें असें समजून माणूस निर्धास्त झाला. पुढें मुदत टळली, अथवा मोबाईलच पाण्यांत पडला. त्या नोंदीची जगांतील एकुलती एक प्रत त्याबरोबर गेली, आणि दप्तराच्या दृष्टीनें त्या शेतांत पीक कधीं नव्हतेंच. ज्यानें शेत पेरलें, राखलें आणि छायाचित्रही काढलें, त्याला आपण कांहींच केलें नाहीं असें कागदावर वाचावें लागतें. म्हणून अशा कोणत्याही साधनाची खरी परीक्षा ही कीं, कोणती नोंद अद्याप आपल्यापाशींच आहे आणि कोणती पलीकडे पक्की झाली, हें तें अल्पशिक्षितालाही दिसेल अशा रीतीनें दाखवितें कीं नाहीं.

दुसरें ठिकाण सामाईक जमिनीचें. एकाच गटांत दोन भावांची वहिवाट असावी, दोघांनींही आपापल्या मोबाईलवरून नोंद करावी, आणि दोघांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राहून अधिक भरावी. बेरीज चुकते एवढें यंत्र सांगूं शकतें. बांध कोणाकडे किती सरकला, हें तें सांगूं शकत नाहीं. तेथें गांवांत जाऊन पाहणारें माणूसच लागतें. ही गरज व्यवस्थेच्या चालकांनाही पटलेली दिसते. कारण 2022 सालीं केलेल्या सुधारणांत, शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांच्या आंत एकदां स्वतः दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, आणि कांहीं नोंदी तलाठ्यानें प्रत्यक्ष तपासाव्यात असेंही ठरलें.

शहरांतील सुशिक्षित घरांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. घरांतील छायाचित्रें, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद, मुलांचे अभ्यास हे सर्व हल्लीं कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असतात, आणि हातांतील मोबाईल ही केवळ त्यांची खिडकी असते. रुग्णालयाच्या तळघरांत अथवा घाटांतून जाणाऱ्या गाडींत ती खिडकी मिटते, आणि मगच कागद जवळ नव्हता हें ध्यानांत येतें. ज्या कागदावांचून अडेल तो आधींच उतरवून ठेवावा, आणि संबंध तोडून तो खरोखर उघडतो कीं नाहीं हें एकदां पडताळून पाहावें. दोघांनीं एकच कागद दूर राहून बदलावयाचा असेल, तर कोणी कोणता भाग पाहावा हें आधीं ठरवावें. ड्रॉपबॉक्ससारखी व्यवस्था असा तंटा उद्भवतांच दोन्ही प्रती वेगवेगळ्या नांवांनीं ठेवून देते. ती दुसरी प्रत कचरा समजून काढून टाकण्यापूर्वीं, तींत घरांतील कोणाचे श्रम आहेत हें पाहावें. आणि परत आल्यावर, काम पोहोंचलें याची खात्री झाल्याखेरीज जवळची प्रत पुसूं नये.

अधिक वेगवान तारा, अधिक उंच मनोरे आणि आकाशांतील उपग्रह यांच्या योगानें संबंध तुटण्याचे प्रसंग कमी होतील, ही आशा रास्त आहे. परंतु ते मुळींच उरणार नाहींत असें धरून जी व्यवस्था रचली जाते, तिचा भार अखेर ज्याच्यापर्यंत तार पोहोंचत नाहीं त्याच्यावरच पडतो. दूर असणाऱ्यालाही काम करतां यावें, आणि तो परत येईल तेव्हां त्याचें म्हणणें ऐकून, ताडून, नोंदवून घेतलें जावें, एवढी हमी ज्या दप्तराला देतां येते तेंच खरें सर्वांचें दप्तर. गोदातीरावरच्या चोपडींत तीस वर्षांनीं आलेल्या यजमानासाठींही पुढच्या लेखाची जागा असते. हातांतील नव्या साधनांपासून याहून कमी अपेक्षा ठेवण्याचें कांहींच कारण नाहीं.